पाण्याची युवा परिषद पहिल्यांदाच भरवताय? आधी विहीर मोजा

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बेळगावकरांना माहीत आहे. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तयारीची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती. एवढी माणसं येणार तर त्यांना पाणी कुठलं, हा प्रश्न होताच, म्हणून त्या अधिवेशनासाठी विहीर खोदली गेली. पंपा सरोवर असं तिचं नाव. अधिवेशन दोन दिवसांत आटोपलं, विहीर शंभर वर्षांनंतरही जागेवर आहे.

पाण्यावर परिषद भरवायची असं कुणी तरुण मला सांगायला आला की मी त्याला आधी ती विहीर बघून यायला सांगतो. कारण मी पहिल्यांदा ज्या परिषदेत राबलो, तिच्यात दोन मंत्र्यांच्या सत्कारात सकाळ गेली, पाण्याच्या बाटल्यांची खोकी टेम्पोतून उतरली आणि संध्याकाळी मैदानात अर्ध्या भरलेल्या बाटल्या गोळा करत आम्ही दहा-बारा पोरं फिरत होतो. दुसऱ्या दिवशी कुठल्याही गावात काही बदललेलं नव्हतं. त्यानंतर खानापूर, बेळगाव आणि निपाणीकडच्या लहान-मोठ्या परिषदांत हात लावला, काही जमलं, काही फसलं. जे जमलं ते क्रमानं सांगतो. हा लेख साठ ते ऐंशी तरुणांच्या एका दिवसाच्या परिषदेसाठी आहे. पहिल्या खेपेला त्याहून मोठी करू नका.

आधी ओढा निवडा

नवखे लोक पहिल्यांदा तालुका निवडतात. पाणी तालुक्याप्रमाणे वाहत नाही. आपल्या एका जिल्ह्यात पावसाची दोन टोकं आहेत. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. तिकडं अथणीच्या पूर्वेला उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसतात. या दोन गावांच्या पोरांना एका सभागृहात बसवून ‘पाणी वाचवा’ म्हणालात, तर एकाला ते खरं वाटत नाही आणि दुसऱ्याला त्याचा राग येतो.

म्हणून एक नदी किंवा तिचा एक ओढा घ्या. मार्कंडेय घेतली तर बैलूरचा डोंगर, राकसकोप, पुढं कंग्राळी, कडोली, काकती आणि शेवटी गोकाकजवळ घटप्रभेचा संगम, अशी सलग माळ मिळते. शहराला राकसकोपचं पाणी मिळतं, त्यामुळं शहरातल्या कॉलेजच्या मुलांनाही त्या नदीशी नातं सांगता येतं. शहरातच करायची असेल तर बळ्ळारी नाला घ्या. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, जुने बेळगाव या शिवारांत तो दर पावसाळ्यात भात बुडवतो, आणि एरवी शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी घेऊन वाहतो. पूर, गटार आणि बासमतीचं रान असे तिन्ही विषय त्या एका नाल्यात सापडतात.

निपाणीकडं दूधगंगा-वेदगंगा आहेत, हुक्केरीकडं घटप्रभा आणि हिरण्यकेशी. इथं एक गोष्ट विसरू नका. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाला येणारं पाणी चंदगडच्या डोंगरातून येतं, हिरण्यकेशीचं आंबोली, आजऱ्याकडून, दूधगंगेचं पाणी काळम्मावाडीच्या धरणातून, वेदगंगेचं पाटगावच्या बाजूनं. वरच्या गावातली चार पोरं बोलावल्याशिवाय खालच्या गावांची परिषद पुरी होत नाही. सीमेपलीकडं आपले पाहुणे-सोयरे असतातच, त्यांच्यामार्फत निरोप धाडा.

तारीख

हे काम सोपं वाटतं आणि इथंच जास्त परिषदा अडतात. भाताची सुगी चालू असताना शेतकऱ्याचा मुलगा येणार नाही. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या, आसपास बेळगावात बंदोबस्त असतो, त्या आठवड्यात कसलीच परवानगी मागू नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की पोलीस, अधिकारी, लॉज, सगळं तिकडं गुंततं. पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडं गाड्यांची रीघ लागते. मार्चमध्ये परीक्षा. मग उरतं काय? नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा जानेवारीचा दुसरा पंधरवडा, पौर्णिमा टाळून. मला नोव्हेंबर पसंत आहे. तेव्हा पश्चिम भागातले ओढे वाहते असतात, आणि परिषद संपल्यावर लगेच बंधारा घालता येतो. बावीस मार्चचा जलदिन फोटोला चांगला, कामाला उशिराचा.

वेळ दहा ते चार ठेवा. त्यापुढं गेलात की मुलींची शेवटची बस चुकते आणि पुढच्या वर्षी घरचे पाठवत नाहीत. कर्नाटकातल्या मुलींना शक्ती योजनेमुळं सरकारी बसचं भाडं नाही, आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. चंदगडहून येणाऱ्या मुलींना ती सवलत मिळत नाही, त्यांच्या भाड्याचे पैसे तुमच्या खर्चात धरा.

परवानगी, फलक आणि भाषा

शाळेचं सभागृह हवं असेल तर मुख्याध्यापकांना भेटा आणि सरकारी शाळा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपण ज्यांना बीईओ म्हणतो त्यांच्या, कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोलीस ठाण्यात कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगवेगळी मागावी लागते. अर्जात वक्त्यांची नावं, वेळ, माणसांचा अंदाज, सगळं स्पष्ट लिहा. ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, निमंत्रण हातानं द्या. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास जरी गावच्या पोरांचं ऐकलं, तरी पुढची वर्षभराची कामं सोपी होतात.

अर्ज कन्नडमध्ये द्या. कन्नड येणारा मित्र प्रत्येक गावात असतो, त्याला सोबत न्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी होकारावर मंडप घातलेली एक परिषद सकाळी नऊ वाजता बंद झालेली मी पाहिली आहे.

फलकावर मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवा. मी मराठी शाळेत शिकलो, मराठीत लिहितो, माझ्या भाषेचा मला जीव आहे. पण माझ्या विहिरीच्या शेजारची बोअर ज्याची आहे तो घरी कन्नड बोलतो, आणि आमच्या दोघांच्या खालचं पाणी एकच आहे. त्याच्याशिवाय केलेला पाण्याचा ठराव कागदावर राहतो. सत्रात ज्याला जी भाषा येते तिच्यात बोलू द्या, शेजारी बसणारा दोन वाक्यांत सांगेल. आपल्याकडं बहुतेकांना दोन्ही समजतातच. एक तक्ता करून भिंतीवर लावा: विहीर म्हणजे बावी, तळं म्हणजे केरे, ओढा म्हणजे हळ्ळ, पाणी म्हणजे नीरू. आणि कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस! आपल्याकडं मळे म्हणजे बागायतीची रानं. कडोलीच्या एका मुलानं हा शब्द दोन्ही अर्थांनी फळ्यावर लिहिला, तेव्हा सगळं सभागृह एकदम मोकळं झालं.

सहा आठवडे आधी: मोजणी

परिषदेचा खरा जीव इथं आहे. प्रत्येक गावातून दोन-तीन जण घ्या, त्यांत निदान एक मुलगी. प्रवेश फी ठेवू नका, अट ठेवा: आपल्या गावचं पाणी मोजून आणायचं. मोजणीचा कागद नसेल त्याला बसायला खुर्ची जरूर द्या, पण बोलायची पाळी मोजून आणलेल्यांची आधी. मोजायचं ते चार प्रकारचं.

विहीर. सुंभाची किंवा नायलॉनची लांब दोरी घ्या, टोकाला दगड बांधा, दर फुटावर गाठ मारा. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी आणि पाण्यापासून तळापर्यंत किती गाठी, हे दोन आकडे लिहा. काठावर जिथून दोरी सोडली तिथं तेलरंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच मोजता येईल. मोजायच्या आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवायला मालकाला विनवा. आता हिशेब. विहिरीचा व्यास वीस फूट असेल तर वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे, त्याला ०.७८५ नं गुणा, ३१४ चौरस फूट. पाण्याची उंची दहा फूट असेल तर ३,१४० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे विहिरीत सुमारे ८९ हजार लिटर पाणी आहे. हा हिशेब मुलांकडून करून घ्या, फोनवर नको, कागदावर.

छप्पर. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर सुमारे ९३ चौरस मीटरचं. बेळगाव शहराच्या बाजूला वर्षाला बाराशे मिलिमीटर पाऊस धरला, आणि वीस टक्के उडून-गळून गेला असं मानलं, तरी हाती ८९ हजार लिटर येतात. वरच्या विहिरीतलं पाणी आणि एका घराच्या छपरावरचं पाणी सारखंच! हे दोन आकडे मी दर परिषदेत शेजारी-शेजारी फळ्यावर लिहितो. त्यानंतर छपराच्या पाण्यावर वेगळं भाषण लागत नाही.

ओढा. ओढ्याचा सरळ तीस फुटांचा तुकडा शोधा. दोन्ही टोकांना काठ्या रोवा, वर लिंबू किंवा झाडाची वाळकी शेंग सोडा आणि खालच्या काठीपाशी पोहोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. तीनदा करून सरासरी घ्या. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला दीड फूट. रुंदी सहा फूट आणि चार-पाच ठिकाणी मोजून आलेली सरासरी खोली एक फूट असेल, तर दीड गुणिले सहा, नऊ घनफूट. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८ नं गुणायचं, ७.२ घनफूट. लिटरमध्ये सेकंदाला दोनशेच्या वर, तासाला सात लाखांच्या वर. नोव्हेंबरात एवढं पाणी गावातून निघून जातं आणि एप्रिलमध्ये तेच गाव बोअर मारायला गाडी बोलावतं. पावसाळ्यात हे मोजायला ओढ्यात उतरू नका, पाणी ओसरल्यावरच, आणि कधीही एकट्यानं नाही.

बोअर. गावात बोअर किती, त्यातल्या चालू किती, कोरड्या किती, कुठली किती फूट खोल आणि कुठल्या साली मारली. लोक खोली सांगतात, कोरड्या बोअरचं सांगायला संकोचतात कारण त्यात कर्ज गेलेलं असतं. घरमालकाचं नाव लिहू नका, फक्त गल्ली लिहा. सालाप्रमाणे खोलीचा तक्ता मांडला की गावाच्या पोटातलं पाणी कसं खाली गेलं ते कुणीही न सांगता कळतं.

जमलंच तर पाऊसही मोजा. सरळ कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीनं आतलं पाणी मोजा आणि ओतून टाका. हवामान खातंही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजतं. जुन्या शिक्षकांच्या किंवा साखर कारखान्याच्या शेती गटातल्या माणसांच्या वहीत कधी कधी वीस-वीस वर्षांचा पाऊस लिहिलेला सापडतो. अशी वही मिळाली तर तिचे फोटो काढून घ्या, वही मागू नका.

बोलवायचं कुणाला

तीन वक्ते, जास्त नाही. मी नेहमी पहिली जागा गावच्या वॉटरमनला देतो. कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही, कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठल्या महिन्यात बोअर हवा ओढते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याला आजवर कुणी व्यासपीठावर बसवलेलं नसतं. दुसरी जागा एका बाईला, शक्य तर महिला संघातल्या. पाणी आणण्याचं काम ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना सोडून पाण्यावर बोलणं मला पटत नाही. तिसरा अभ्यासक. राणी चन्नम्मा विद्यापीठ, मच्छेचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि तिथलीच पाणी-जमिनीवर काम करणारी वाल्मी संस्था, इथं विचारलं तर माणूस मिळतो. त्यांना महिनाभर आधी पत्र द्या, तुमच्या मोजणीचे आकडे सोबत पाठवा आणि सांगा, भाषण नको, या आकड्यांचा अर्थ सांगा.

पुढाऱ्यांना बोलवायचं असेल तर शेवटच्या तासाला बोलवा, ऐकायला. तेव्हा गावांचे ठराव तयार असतात.

दिवस कसा घालवायचा

सकाळी सभागृहात बसू नका. थेट विहिरीवर किंवा नाल्यावर जमा. गाठींची दोरी सगळ्यांसमोर सोडा, मोजा, मगच चहा. तासाभरात परत येऊन प्रत्येक गावानं पाच मिनिटांत आपले आकडे सांगायचे. वीस गावं म्हणजे दीड-पावणेदोन तास, घंटी ठेवा. ऐकताना मोठ्या कागदावर नदीचा नकाशा काढत जा: वरचं गाव वर, खालचं खाली, विहिरी निळ्या, कोरड्या बोअर लाल. जेवायच्या आधी तो नकाशा पुरा झाला पाहिजे. मी पाहिलं आहे, जेवणाच्या सुट्टीत पोरं मोबाइल सोडून त्या नकाशाभोवती उभी राहतात आणि आपापलं शेत शोधतात.

दुपारी अभ्यासकाचं सत्र, मग नदीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या गावांचे तीन गट. प्रत्येक गटात एकच प्रश्न: येत्या सहा महिन्यांत तुमच्या गावात कोणतं एक काम होईल, कोण करणार, कधी? ‘जनजागृती करू’ हे उत्तर मानू नका. ‘देवळामागच्या विहिरीतला गाळ एप्रिलमध्ये काढू, आम्ही अकरा जण’ हे उत्तर.

हवामानबदल कसा सांगायचा

ध्रुवावरचं अस्वल दाखवू नका, मसुराचं रान दाखवा. आपल्याकडं भात निघाल्यावर ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला की पेरलेलं कुजतं, आणि ओल लवकर उडाली तर उगवत नाही. पश्चिमेकडं रताळी आणि बटाट्याचंही तसंच. प्रत्येकाच्या घरात असं एखादं साल असतं, त्याला ते सांगू द्या.

मग कारण सांगा. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणून पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि मधली उघडीप लांबते. वर्षाची सरासरी तीच दिसली तरी पाणी मुरायला वेळ मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकाच वेळी भरल्या आणि आपल्या जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, राज्यानं २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. आज सभागृहात बसलेल्या मुलांनी हे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. एकेक पूर किंवा एकेक दुष्काळ हवामानबदलानंच आला असं ठोकून सांगू नका. असे टोकाचे पावसाळे वाढतील एवढं मात्र शास्त्रज्ञ खात्रीनं सांगतात, आणि गावाची तयारी दोन्हींची हवी, हे तरुणांच्या गळी उतरलं पाहिजे.

हुक्केरीकडच्या परिषदेत हिडकलच्या जलाशयातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर जरूर आठवा. पाणी उतरलं की ते देऊळ वर येतं. कोणत्या साली कोणत्या महिन्यात कळस दिसला, कधी पायऱ्या दिसल्या, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलं तर धरणाच्या पाण्याची एक गावरान नोंदवही तयार होते.

उसावर बोलायचं की नाही, असं मला नेहमी विचारतात. बोलायचं. आपल्या नदीकाठाला कारखान्यांनी पैसा आणला हे खरं आणि ऊस पाटानं भिजवला तर पाणी अफाट पितो हेही खरं. ठिबक लावलेल्या एका शेतकऱ्याला त्याचं बिल, त्याचं पाणी आणि त्याचा उतारा सांगायला बोलवा. ऊस लावणाऱ्याला दोष देऊन काही होत नाही, त्याच्या घरचा मुलगाच तुमच्यासमोर बसलेला असतो.

वाद निघाला तर

म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा वाद निघणारच. खानापूरचा मुलगा भीमगडच्या जंगलाचं आणि कणकुंबीच्या कालव्यांचं बोलेल, सौंदत्ती-रामदुर्गकडचा मुलगा मलप्रभेला पाणी नाही म्हणून सांगेल, आणि दोघांचं दुःख खरं असेल. अशा वेळी घोषणा नकोत, आकडे जवळ ठेवा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादानं कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं आहे. राज्यं त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं द्या, मग दोघांना विचारा की तुझ्या गावच्या ओढ्याचं मोजमाप काय आलं. या प्रश्नानं चर्चा पुन्हा गावात येते.

पक्षाचा झेंडा, उपरणं, टोपी नाही, हा नियम निमंत्रणातच छापा. सीमाप्रश्नावर प्रत्येकाचं मत असतं, माझंही आहे. त्यासाठी वेगळी व्यासपीठं आहेत. या दिवशी फक्त पाणी.

जेवण आणि पाणी

भात, आमटी, एक भाजी, लोणचं, पत्रावळीवर. बाटल्या नकोत, माठ आणि स्टीलचे पेले ठेवा, प्रत्येकाला घरून बाटली आणायला सांगा. पिणं, हात धुणं, भांडी, सगळं मिळून दर माणशी दहा लिटर धरले तर ऐंशी जणांना आठशे लिटर लागतात. टाकी भरताना आणि संध्याकाळी मोजा, लागलेलं पाणी फळ्यावर लिहा. हात धुतलेलं पाणी झाडांना जाईल अशी चारी आधीच काढा. हिशेब रुपयांचाही फळ्यावर लिहा, कोणी किती दिले तेही. पुढच्या वर्षी मदत मागायला तोंड राहतं.

परिषद संपल्यावर

पुढच्याच रविवारी एका ओढ्यावर वनराई बंधारा घाला. सिमेंटची रिकामी पोती लागतात चारशे-पाचशे, गावात बांधकाम चालू असलेल्या घरांतून आठवडाभरात जमतात. पोती पाऊण भरायची, वाळू-मातीनं, तोंड सुतळीनं शिवायचं, आणि विटांसारखी सांधे मोडत रचायची. तळ रुंद, माथा अरुंद, उंची तीन-चार फुटांच्या वर नको. मध्ये चिकणमाती दाबून भरा, नाहीतर पाणी फटीतून पळतं. जागा निवडताना दोन्ही काठ भक्कम आणि ओढ्याचं पात्र अरुंद असावं, वरच्या बाजूला कुणाचं पीक बुडणार नाही हे आधी पाहावं, आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावं. तीस जण असतील तर दुपारपर्यंत बंधारा उभा राहतो. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून जाणार, हे धरूनच चालायचं. पोती मात्र पाऊस सुरू होण्याआधी काढून घ्या, ओढ्यात प्लॅस्टिक सोडू नका.

मोठी कामं, म्हणजे तळ्याचा गाळ, डोंगरउताराचे समतल चर, शेततळी (आपल्याकडं सगळे त्याला कृषी होंडा म्हणतात), ही पंचायतीच्या आराखड्यात नाव लागल्याशिवाय होत नाहीत. कर्नाटकात ग्रामसभेच्या आधी वॉर्ड सभा असते, आणि मागणी तिथूनच वर गेली पाहिजे. पोरं थेट ग्रामसभेत जाऊन भांडतात आणि वॉर्ड सभेला कुणीच नसतं, असं फार वेळा झालं आहे. मोजणीचा कागद, नकाशाचा फोटो, जागेचा सर्व्हे नंबर आणि वीस-पंचवीस सह्या, एवढं घेऊन वॉर्ड सभेला जा. कन्नड अर्ज, शिक्क्याची प्रत. दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन काय झालं ते विचारा.

गावागावांचा एक व्हॉट्सॲप गट ठेवा, त्यात सुप्रभाताचे फोटो नकोत. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, प्रत्येकानं आपल्या विहिरीचा आकडा टाकायचा. एवढाच नियम. सुरुवातीला वीस गावं टाकतील, मार्चपर्यंत नऊ-दहा उरतील. घाबरू नका, त्या नऊ-दहांना फोन करत राहा, उरलेल्यांना रागावू नका.

मेच्या शेवटच्या रविवारी, वळीव होऊन गेले असले तरी, तीच गाठींची दोरी घेऊन त्याच तेलरंगाच्या खुणेवर जा. काठापासून पाण्यापर्यंतच्या गाठी मोजा आणि नोव्हेंबरच्या आकड्यासमोर लिहा. बंधाऱ्याखालच्या विहिरीचा आणि वरच्या, बंधारा नसलेल्या विहिरीचा फरक वेगळा लिहा. पुढच्या परिषदेच्या निमंत्रणावर हेच दोन आकडे छापायचे.